आयुधपूजेचं चंदन

तंजावरच्या एका प्रयोगशाळेत हरिप्रियाचा जीव मेटाकुटीला आला होता. करवंटीचा कोळसा आणि मँगनीज ऑक्साइड यांच्या नॅनोमिश्रणाचे तिचे इलेक्ट्रोड तीन वर्षं दगा देत होते. "या वेळी जमलं नाही तर विषय बदल," असं तिच्या पीएचडीच्या सरांनी बजावलं, तेव्हा कुठे एक सुपरकपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा सेल, तग धरून राहिला. हजारो वेळा चार्ज करून रिकामा करायची त्याची चाचणी संपत आली आणि नेमकी आयुधपूजा आली. त्या दिवशी सगळी यंत्रं बंद ठेवून त्यांना चंदन-कुंकू लावायची तिथली रीत. सगळ्यांशी भांडून हरिप्रियाने आपलं चाचणीचं एक यंत्र तेवढं चालू ठेवलं.

पूजेला तिची आई प्रसादाचं सुंडल, म्हणजे हरभऱ्याची उसळ, घेऊन आली. "एवढं मोठं मशीन तू केलंस?" आईने कौतुकाने विचारलं.

"मशीन विकतचं आहे, आई," हरिप्रिया वैतागून म्हणाली आणि यंत्राच्या चिमट्यात धरलेल्या नाण्याएवढ्या सेलकडे तिने बोट दाखवलं. "माझं म्हणायचं तर ते तेवढंच." मग ती सुंडल वाटायला निघून गेली.

परत येऊन बघते तर पडद्यावरचा आलेख आडवा झालेला. यंत्राला कुणी बोटही लावलं नव्हतं.



चिमट्यातल्या सेलची दोन्ही टोकं मात्र ओल्या चंदनाने जोडली जाऊन शॉर्ट झाली होती, वर कुंकवाचा ठिपका होता, आणि समोर आई डोळे मिटून हात जोडून उभी होती.