दोन शहरांची रंगीत तालीम

चार वर्षांची चिमणी नवीन जागा दिसली की भोकाड पसरायची. सख्ख्या मावशीच्या घरूनही सगळ्यांना दारातूनच परत यावं लागायचं. आणि तिच्या बापाने तर हौसेने परदेशातली दोन शहरं बुक करून ठेवली होती!

"माझ्यासारख्या नर्सला एवढी सलग सुट्टी परत या जन्मात मिळायची नाही," बायकोने बजावलं. "हिने रडून गोंधळ घातला ना, तर तुम्ही दोघं राहा घरी. मी एकटी जाणार."

बापाच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने हॉलमध्ये खुर्च्या मांडून विमान केलं. बेडरूम पहिलं शहर, स्वयंपाकघर दुसरं. पायलट तोच, हवाई सुंदरी तोच, आणि पासपोर्ट बघून डोळे वटारणारा साहेबही तोच. घसा बसेपर्यंत उडाला बिचारा. चिमणी मात्र इतकी शहाण्यासारखी वागली की सासूबाईसुद्धा म्हणाल्या, "जावईबापू, जिंकलंत!"

खऱ्या विमानतळावर ती एकदाही रडली नाही. विमानाच्या दाराशी फक्त विचारलं, "बाबा, आता कुठे?"

"तीच आपली दोन शहरं!" बाप म्हणाला, आणि चिमणीने तिथेच फतकल मारली. मागे रांग खोळंबली. बायको आत जाऊन पट्टा लावून बसलीसुद्धा. बाप गुडघ्यांवर आला. "बाळा, पाया पडतो तुझ्या, चल ना गं!"



"पण बाबा, ती दोन्ही आपली बघून झालीत ना! आता घरी चला."