ताटाबाहेरची शितं

लखनौला कामानिमित्त आलेल्या साताऱ्याच्या प्रसन्नला त्याच्या मित्राने, आलोक श्रीवास्तवने, हट्टाने निशातगंजच्या घरी जेवायला नेलं. आतल्या खोलीत आलोकचे आजोबा वर्षभर अंथरुणाला खिळून होते, म्हणून सगळे हळू आवाजात बोलत होते. वाफाळती तहरी, म्हणजे तिकडचा मसालेभात, वाढली गेली. मुंजीपासूनच्या सवयीने प्रसन्नने ताटाभोवती पाणी फिरवलं आणि चार शितं काढून उजवीकडे ठेवली.

"ये किसके लिए, बेटा?" आलोकच्या आईने विचारलं.

"चित्रगुप्तजी के लिए, और यमराज के लिए. पहला निवाला उनका."

"अरे, तो वो भी हमारे मेहमान हुए!" आईने शितांवर तूप सोडलं, शेजारची रिकामी खुर्ची मागे ओढली आणि अदबीने हात पुढे केला. "तशरीफ़ लाइए. अपना ही घर समझिए."

सगळे खळखळून हसले. प्रसन्नही हसला. तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं.

उंबऱ्यावर आजोबा स्वतःच्या पायांवर उभे होते. शेजारी कुणी नसताना बाजूला सरून, किंचित झुकून ते म्हणत होते, "नहीं हुज़ूर, पहले आप."