आधी लांबून, मग जवळून

"प्लास्टिकचा पहिला रोबोट बनवताय? मग किटमधल्या फ्रेमला जोडलेला तुकडा एका झटक्यात तोडू नका. त्याला फ्रेमशी जोडणारा देठ आधी लांबून कापा, मग जवळून, आणि उरलेलं हळूच घासून काढा," असं मी व्हिडिओंमधून नवशिक्यांच्या कानीकपाळी ओरडत असतो. आज तेच दाखवायला माझा पकडीसारखा महागडा कटर उघडला, तर धारेत पिवळट, जाडजूड नखाचा तुकडा. शी! शिसारीने कटर हातातून सुटलाच.

तळपायाची आग मस्तकात गेली. आतल्या खोलीत गेलो, तर आई बाबांचा पाय मांडीवर घेऊन पलंगावर बसलेली.

"आई, माझ्या कटरने नखं कापलीस? किळस कशी येत नाही गं तुला?"

"अरे, मागच्या खेपेला नेलकटरने यांचं बोट कापलं. यांना शुगर, दोन महिने जखम भरत नव्हती. त्यात माझे हात हे असे थरथरतात. म्हणून या वेळी तुझा व्हिडिओ बघितला. आधी लांबून, मग जवळून, मग घासायचं." तिने बाबांचा अंगठा माझ्यापुढे धरला. "बघ, रक्ताचा टिपूससुद्धा नाही."

बाबांचे पाय मी किती महिन्यांनी पाहत होतो, कोण जाणे.


नवा व्हिडिओ मी असा सुरू केला: "नवशिक्यांनो, कटर दोन घ्या. एक रोबोटसाठी, एक वडिलांच्या नखांसाठी. आणि तो दुसरा आईच्या हातात देऊ नका, तुम्हीच चालवा."