पालथा पेला

म्हाताऱ्याने पेला पालथा घातला आणि अख्खा ‘बदक आणि ढोल’ दारूखाना गप्प झाला.

गुरुवारचा बाजार ऐन भरात होता. बाहेर मेंढ्या ओरडत होत्या, आत बसायला जागा नव्हती. हा ईनॉक नदीपलीकडच्या डोंगरातून चीज विकायला आलेला. वय सत्तरीचं, पण मनगटं अजून बैल आवरतील अशी. मालकीण हेस्टरने त्याचा पेला न मागता दोनदा भरला होता. एरवी ही बाई चार हाका मारल्याशिवाय कुणाला थेंब वाढायची नाही. तिसऱ्यांदा ती दारूचा जग घेऊन आली, तेव्हा त्याने मान वर न करताच पेला टेबलावर उलटा केला.

इथे पालथ्या पेल्याचा अर्थ एकच: या छपराखाली माझ्याशी भिडायची कुणाची छाती आहे का? जो पेला सुलटा करील त्याने भिडायचं. एक आडवा होईपर्यंत तिसऱ्याने मध्ये पडायचं नाही. न्यायाधीशाचा कायदा इथले लोक रोज मोडत. हा मात्र कधीच नाही.

जेबेझ क्राउच उठला. मालाच्या होड्या ओढून त्याची मान खांद्यांत रुतली होती.

“काय आजोबा, जिवावर उदार झालात?” म्हणत त्याने पेला सुलटा केला.

“अरे बाबा, मला फक्त आणखी नको—”

पहिल्या ठोशात नाक फुटलं. म्हातारा बाकासकट मागे कोसळला, पण उठला. त्याचा उजवा हात सवयीने वर गेला आणि जेबेझचा ओठ फाटला. झालं, मग जेबेझ पेटला. त्याने म्हाताऱ्याला गळपट्टीला धरून भिंतीवर आपटलं, एकदा, दोनदा.

“चिवट आहे थेरडा!” ईल मासे पकडणारा ऑब्री आपला पेला उराशी धरून ओरडला. “जेबेझ, जपून रे, दात रुततील तुझ्या मुठीत!”

“थांबा! आमच्याकडे पालथा म्हणजे पुरे!” ईनॉक रक्त थुंकत ओरडत होता. “पुरे, एवढंच!”

लोक हसले. पण जेबेझची मूठ हवेतच थांबली. माणूस रागीट होता, दुष्ट नव्हता.

“हेस्टरबाई, तुम्ही नदीपलीकडच्याच ना? हा म्हणतो ते खरं असेल तर मी इथंच हात आवरतो.”

सगळे तिच्याकडे वळले. तिने डाव्या हातात जग धरला होता. तो कोपर कधीच सरळ होत नसे. लहानपणी माळ्यावरून पडले, असं ती सांगायची. ईनॉकने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. आधी त्याची नजर त्या कोपरावर गेली, मग तिच्या चेहऱ्यावर.

“हेटी?” तो म्हणाला. “हेटी, पोरी, सांग ना यांना.”

हेस्टरला वाटलं होतं, तोंड उघडेल तेव्हा आवाज कापेल. तो कापला नाही.

“आमच्या घरात असलं काही नव्हतं,” ती म्हणाली.

मूठ खाली आली. बरगड्या मोडल्याचा आवाज मेंढ्यांच्या ओरड्यातूनही ऐकू गेला. म्हातारा आडवा झाला आणि रिवाजाप्रमाणे सगळे आपापल्या पेल्याकडे वळले. जेबेझ ओठ पुसत बाहेर गेला.

हेस्टर ओलं फडकं घेऊन खाली बसली. ईनॉकने तिच्या झग्याचा घोळ मुठीत धरला.

“तुला ठाऊक होतं,” तो कण्हला. “तुझी आई रोज जेवण झालं की पेला पालथा घालायची. पुरे म्हणून. तुला ठाऊक होतं.”

तिने त्या वाकड्या हातानेच त्याची बोटं एकेक करून सोडवली.

“मला ठाऊक होतं, बा. पुरे म्हणजे काय ते तुलाच कधी कळलं नाही.”