एकच चित्र

पलंग दोन, ताप सारखाच, औषधही तेच. पण गावच्या दिवंगत सिस्टर इनेझचं चित्र घरात एकच होतं. जुळ्यांपैकी जॉयस्टन गेला, रॉयस्टन वाचला.

सिस्टरना संतपद मिळायला एक चमत्कार कमी होता. रॉयस्टनचं वाचणं म्हणजे तोच, असं अख्खं गाव धरून बसलं होतं.

"चित्र रॉयस्टनच्याच उशाला होतं ना, बाई?" चौकशीला आलेल्या फादरांनी जुळ्यांच्या आईला, फिलोमीनाला विचारलं.

"हो म्हण गो," दारातून सासू पुटपुटली. "आपल्या गावाचं नाव होईल."

फिलोमीनाने रॉयस्टनला मांडीवर ओढलं. "जॉयस्टन जास्त आजारी होता, फादर. चित्र त्याच्या उशाला ठेवलं, प्रार्थनाही त्याच्यासाठीच केली. याच्यासाठी मागायचं राहूनच गेलं."

फादरांनी पेनाला टोपण लावलं.

सिस्टर इनेझना अजून एक चमत्कार कमी आहे.