मुलांची भाषा

"घर तू बघ. मी खाली बसून इथली मुलं कशी बोलतात ते ऐकतो," असं सांगून मी बायकोला धाकटीबरोबर वर पाठवलं आणि ओजसला खेळायला सोडून घसरगुंडीजवळच्या बाकावर बसलो. नाशिकला बदली झाल्यापासून माझी हीच पद्धत होती. कालची सोसायटी तर मी एका पोराच्या तोंडची शिवी ऐकूनच नापसंत केली होती. लहान मुलं कानावर पडेल ते उचलतात.

इथली मुलं गुणी वाटली. रांगेत उभी राहत होती. बाकावरच्या आजी नातीकडे कौतुकाने बघत होत्या.

तेवढ्यात कुणीतरी आईवरून खणखणीत शिवी हासडली. मी तावातावाने उठलो. घसरगुंडीवर आमचा ओजस उभा होता. "दिसत नाही का रे? गाडी बाजूला घे!" खालच्या मुलावर तो हात उडवत ओरडला, अगदी सिग्नलला मी उडवतो तसा.

आजींनी नातीला जवळ ओढलं. "तुमचा का हो? इथे राहायला येताय?"

"छे, पाहुण्यांकडे आलोय."

वरच्या गॅलरीतून बायकोने हाक मारली, "अहो, ठरलं! हेच घर घ्यायचं!"