सोल्यूशनचा गोळा

कारखान्याच्या मालकाने, नाबोरने, थिनरचा पाच लिटरचा डबा टेबलावर आदळला. "चारही टेबलं संध्याकाळपर्यंत लख्ख पाहिजेत," तो नायेलीला म्हणाला. "उद्या नऊला ग्वादालाहाराचा व्यापारी येतोय."

सोमवार होता. लेओन शहरात सोमवारी बुटांच्या कारखान्यात पुरुष शोधून सापडत नाही. रविवारची उतरायला त्यांना मंगळवार उजाडावा लागतो, आणि मालकांनीही आता त्यावर डोकं फोडणं सोडलंय. त्यामुळे कामाला दोघीच होत्या. एक नवी लागलेली नायेली, आणि दुसरी तोमासामावशी. तयार बुटांवरचे डाग काढून ते खोक्यात भरायचं काम मावशी नाबोरच्या वडिलांच्या वेळेपासून करत होती.

बुटांचे तळवे चिकटवताना ओघळलेलं पिवळं सोल्यूशन टेबलांवर थरांनी साचलं होतं. त्यावर धूळ, दोरे, चामड्याचा कीस. हात टेकला तर सोडवून घ्यावा लागे.

नायेलीने डब्याच्या झाकणाला हात घातला आणि थांबली. नाकाला ओला रुमाल बांधला. परत थांबली. तिसरा महिना होता. दवाखान्यातल्या नर्सने बजावलं होतं, थिनरच्या आसपासही फिरकायचं नाही. नर्सला काय जातंय सांगायला! उन्हाळ्यात रोसिओने दिवस गेल्याचं नाबोरच्या कानावर घातलं, तर आठवड्याच्या आत तिच्या स्टुलावर दुसरी बसली. ती दुसरी म्हणजे नायेलीच. म्हणून तिने अजून कुणालाच काही सांगितलं नव्हतं.

"राहू दे तो डबा," तोमासामावशी कोपऱ्यातून म्हणाली.

नाबोर दारातून वळला. "का?"

"ही टेबलं डिसेंबरात तूच रंगवलीस ना? चार दिवस खपत होतास. थिनरने सोल्यूशन जाईल, पण तुझा हिरवा रंगही जाईल. मग व्यापाऱ्याला काय, नुसत्या फळ्या दाखवणार?"

त्या रंगाचा नाबोरला भारी अभिमान. तो जरा घुटमळला. "मग कशाने काढणार? तुमच्या त्या गोळ्याने? नाताळ उजाडेल, मावशी!"

"तू जा बघू. तुझ्या बडबडीनेच उशीर होतो."

दुसरं कुणी असं बोललं असतं तर नाबोरने घर डोक्यावर घेतलं असतं. पण लहानपणी त्याचं नाक मावशीने पुसलं होतं. तो मुकाट्याने गेला.

मावशीने ॲप्रनच्या खिशातून गोळा काढला. फडक्याने सोल्यूशन पसरतं, चामडं कापायच्या रापीने लाकूड सोललं जातं. वाळलेल्या सोल्यूशनचा गोळा वरून चोळला, तर मात्र खालचं सोल्यूशन शेवयांसारखं वळून त्यालाच येऊन चिकटतं. असं चोळून चोळून मावशीचा गोळा मोसंब्याएवढा झाला होता. त्याला ती कुणाला हात लावू देत नसे. एकदा कारागिरांनी अंगणात त्याचा फुटबॉल केला, तर पंधरा दिवस ती कुणाशी बोलली नव्हती. कॉफीही केली नव्हती, ते त्यांना जास्त झोंबलं.

ती वाकून चोळू लागली. नायेलीने रुमाल सोडला आणि शेजारचं टेबल नखांनी खरवडायला घेतलं. थोड्या वेळाने तिने विचारलं, "मावशी, कधीपासून आहे हो हा?"

"आधी मीही थिनरच वापरायचे. सोपं पडतं ना." मावशीचा हात चालूच होता. "तिसरंही पोटातच गेलं, तेव्हा थिनर सोडलं आणि हा वळायला घेतला. पुढे काही राहिलंच नाही म्हणा. गोळा तेवढा राहिला."

नायेलीचा हात पोटाकडे गेला आणि मध्येच थांबला. मावशीने वर पाहिलं नाही.

मावशीने रापी उचलली, गोळा टेबलावर धरला आणि मधोमध पातं रोवलं. गोळा चिवट होता. तिला अंगाचा सगळा भार द्यावा लागला. शेवटी दोन तुकडे झाले. कापलेल्या अंगावर काळ्या, तपकिरी, मेणाच्या रंगाच्या रेघा होत्या.

"अहो मावशी, हे काय केलंत!"

"बघत काय बसलीस? एका गोळ्याने दोघींचं काम होतं का? धर."

संध्याकाळी नाबोर आला. चारही टेबलं हिरवीगार. त्याने एका टेबलावरून बोट फिरवलं, ते कुठे अडलं नाही. डब्याचं सील जसंच्या तसं होतं.

"आणि ऐक," मावशी म्हणाली, "उद्यापासून ही पोरगी तळवे चिकटवायला नको. माझ्याजवळ बसव, दारापाशी. मला हल्ली दिसत नाही, बुटांवर डाग राहतात."

"तुम्हाला दिसत नाही? अंधारात सुईत दोरा ओवता तुम्ही!"

"आजपासून दिसत नाही."

नाबोरने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं, मान हलवली आणि डबा परत करायला दुकानात निघून गेला.

नायेली आपला अर्धा गोळा तळहातावर लोळवत होती. एका बाजूने चपटा होता, आता गोल व्हायला लागला होता. "मावशी, तुमच्याएवढा व्हायला किती दिवस लागतील?"

मावशीने ॲप्रन काढून खुंटीला अडकवला.

"रोज चोळत राहा. पोटातल्याला पहिला बूट लागेल, तोवर होईल."